आपली वस्ती नकाशात कोठे आहे?



आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदनेनंतर मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी आम्ही मुलांजवळ बसलो होतो. सातवी-आठवीची मुले भूगोलाची उजळणी करीत होती. अक्षवृत्त म्हणजे काय, रेखावृत्त म्हणजे काय, ब्राझीलची राजधानी कोणती, सहारा वाळवंट कोणत्या खंडात आहे, सर्व उत्तरे घडाघडा येत होती. आम्हांला समाधान वाटले. उठता उठता आम्ही सहज विचारले, "बाळांनो, विहाराच्या मागच्या नाल्याचे पाणी कोठे जाते?"

मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. शेवटी मागच्या रांगेतील एक मुलगी म्हणाली, "काका, पावसाळ्यात ते आमच्या घरात येते."

सगळी मुले हसली. आम्हीही हसलो. पण घरी परतताना ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या मुलीला ठाऊक असलेला भूगोल तिच्या पुस्तकात नव्हता, आणि पुस्तकातला भूगोल तिच्या नाल्यापर्यंत पोहोचला नव्हता. या दोन्हींची गाठ घालून देणे हे आपणा वडीलधाऱ्यांचे काम होय. म्हणून या वेळी जगाच्या भूगोलातील काही मोजके शब्द आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या मातीवर उभे करून पाहावेत असे आम्ही ठरविले आहे. माताभगिनींनी मुलांना जवळ बसवून हा मजकूर वाचावा, ही विनंती.

अक्षांश आणि रेखांश

पत्राला जसा पत्ता लागतो, तसा पृथ्वीवरील प्रत्येक ठिकाणाला एक पत्ता आहे. विषुववृत्तापासून आपण किती उत्तरेला वा दक्षिणेला आहोत हे अक्षांश सांगतो. इंग्लंडमधील ग्रिनिचपासून किती पूर्वेला वा पश्चिमेला आहोत हे रेखांश सांगतो. यवतमाळ शहर सुमारे २० अंश २४ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७८ अंश ८ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे आपण विषुववृत्तापासून सुमारे २,२६० किलोमीटर उत्तरेला राहतो.

कर्कवृत्त हा शब्द मुले पाठ करतात. साडेतेवीस अंशांच्या जवळची ही रेषा म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर येण्याची उत्तरेकडील हद्द. आपल्यापैकी अनेकजण सांचीचा स्तूप पाहून आले असतील. भोपाळहून विदिशा रस्त्याने सांचीला जाताना वाटेत ही रेषा ओलांडावी लागते. रस्त्याच्या कडेला तशी खूणही केलेली आहे. सांची त्या रेषेच्या अवघ्या काही किलोमीटर उत्तरेला आहे. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी ही स्थळे आणखी उत्तरेला असल्यामुळे तेथे सूर्य कधीच ऐन माथ्यावर येत नाही. आपल्याकडे मात्र तो वर्षातून दोनदा येतो. एकदा मे महिन्याच्या २२-२३ तारखेच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा जुलैच्या २०-२१ च्या सुमारास. जुलैत आभाळ असते, म्हणून मे महिन्याचा दिवस धरावा. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास अंगणात सरळ काठी उभी करावी. काही क्षण तिची सावली नाहीशी होते. वर्षभर दुपारची सावली उत्तरेला पडते, पण या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत ती दक्षिणेला पडते. मुलांनी हे स्वतः पाहावे. ज्या सावलीचा विटाळ मानून आपल्या वाडवडिलांना वाटेतून दूर केले गेले, ती सावली म्हणजे सूर्याच्या कोनाचा साधा हिशेब आहे, हे मुलांना एकदा डोळ्यांनी दिसू द्या.

सव्वाबाराच का, बारा का नाही? भारताचे घड्याळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर लावलेले आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. आपण त्या रेषेच्या ४ अंश २२ मिनिटे पश्चिमेला आहोत. म्हणून आपला खरा मध्यान्ह सरासरीने घड्याळात १२ वाजून १७ मिनिटांनी होतो. ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटांचा फरक पडतो. बुद्धगयेचा मध्यान्ह आपल्या आधी सुमारे २७ मिनिटे होऊन जातो. यात शुभ नाही की अशुभ नाही, केवळ भागाकार-गुणाकार आहे.

जलविभाजक, खोरे आणि पाणलोट

पावसाचा थेंब आपल्या घराच्या टिनावर पडतो. आढ्याच्या अलीकडे पडला तर तो अंगणात उतरतो, पलीकडे पडला तर परसात. जमिनीलाही असे आढे असते. त्याला जलविभाजक म्हणतात.

यवतमाळ शहर अशाच एका उंचवट्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसले आहे. समुद्रसपाटी म्हणजे भरती-ओहोटीची सरासरी काढून ठरविलेली समुद्राच्या पाण्याची पातळी. सर्व उंची तेथून मोजतात. या उंचवट्याच्या उत्तरेचे पाणी बेंबळेसारख्या नद्यांतून वर्धा नदीकडे जाते. दक्षिणेचे पाणी वाघाडी, अडाण, अरुणावती, पूस अशा नद्यांतून पैनगंगेकडे जाते. वर्धा नदी जिल्ह्याच्या उत्तर-पूर्व अंगाने वाहते, पैनगंगा दक्षिण अंगाने. वणीच्या पलीकडे वढा-जुगादजवळ पैनगंगा वर्धेला मिळते. आढ्याच्या दोन बाजूंना दुरावलेले थेंब तेथे पुन्हा एक होतात. पुढे वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला.

ज्या सर्व जमिनीचे पाणी एका नदीला मिळते, ती जमीन म्हणजे त्या नदीचे खोरे. आपण सर्व गोदावरीच्या खोऱ्यातील माणसे आहोत. अकोला-बुलढाण्याकडील पूर्णा नदीचे पाणी मात्र तापीतून अरबी समुद्राला जाते. एकाच वऱ्हाडातील दोन शेतकऱ्यांच्या वावरातील पाणी दोन वेगवेगळ्या समुद्रांना जाते, ही गोष्ट नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही. खोरे जसे नदीचे, तसे लहान ओढ्या-नाल्याचे ते पाणलोट क्षेत्र. आमच्या विहारामागचा नाला वाघाडीला मिळतो. म्हणजे मुलांना विचारलेल्या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर 'बंगालच्या उपसागराला' असे आहे. मग ते पाणी त्या मुलीच्या घरात का शिरते? त्याकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

बाबासाहेब आणि नदीचे खोरे

खोरे हा शब्द आपल्याला परका नाही. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. पाणी आणि वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. १९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. त्या वेळी केवळ बांध घालून पूर अडविण्यावर न थांबता पूर-नियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा नदीच्या सबंध खोऱ्यासाठी एकत्र विचार व्हावा, या धोरणाला त्यांनी चालना दिली. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होता. त्यातूनच ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी बोलताना त्यांनी असा विचार मांडला की, जास्त पाणी हे संकट समजणे चूक आहे. माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो, म्हणून पाणी साठवून ठेवले पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या महापुरुषाने अठरा वर्षांनी देशातील मोठमोठ्या नद्यांचा विचार केला. आपण त्यांच्या जयंतीला चवदार तळे आठवतो. दामोदरही आठवले पाहिजे.

हवा, हवामान आणि पाण्याचा ताळेबंद

आज ऊन आहे, उद्या पाऊस येईल, ही झाली हवा. एखाद्या प्रदेशाची तीस-तीस वर्षांची सरासरी स्थिती म्हणजे हवामान. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. २० चौरस मीटरच्या टिनाच्या छपरावर ९०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वर्षाला १८,००० लिटर पाणी आपल्याच छपरावरून वाहून जाते.

तरीही २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणे तळाला गेली आणि यवतमाळकरांना टँकरची वाट पाहावी लागली. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता हे खरे, पण एका वर्षाच्या ओढीने शहराच्या तोंडचे पाणी पळावे, हे कसे? आम्ही वाणिज्य शाखेचे, आम्हांला जमा-नावे लवकर समजते. पाऊस ही जमा. वाहून गेलेले, वाफ होऊन उडालेले आणि वापरलेले पाणी हे नावे. जमिनीत मुरलेले ही शिल्लक. आपल्या जिल्ह्याची अडचण शिल्लक पडण्याची आहे, आणि त्याचे एक मोठे कारण पायाखालचा खडक आहे.

जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट या काळ्या खडकाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. त्या खडकाचा भुगा होऊन आपली कापसाची काळी माती झाली. २०२१ साली झरी-जामणी तालुक्यातील शिबला-पार्डी भागात असे दगडी खांब उजेडात आले की, जणू कोणी घडवून उभे केले असावेत. लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो आणि त्याचे असे पैलूदार खांब होतात. कोणा राक्षसाचा वाडा तेथे नव्हता. अखंड बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात राहते. म्हणून शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागते आणि आपली बोअर कोरडी जाते. यात पायाळू माणसाचा किंवा नारळ फिरविणाऱ्याचा काही संबंध नाही. भेग लागली तर पाणी, नाही तर धूळ.

गोंडवन : आपल्या शेजारचा शब्द, जगाच्या पुस्तकात

वणीकडे खडक बदलतो. तेथे दगडी कोळसा आहे. तो ज्या खडकांत सापडतो त्यांना भूगर्भशास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात गोंडवाना असे नाव दिले. गोंड लोकांचा प्रदेश तो गोंडवन, यावरून हे नाव आले. पुढे असे आढळले की, याच काळातील खडकांत सापडणारे ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका येथेही सापडतात. हे सर्व भूभाग एकेकाळी एकमेकांना जोडलेले होते. त्या विशाल भूखंडाला जगाने नाव दिले गोंडवानालँड. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंड सरकतात असा सिद्धांत मांडला, तेव्हा अनेक विद्वानांनी तो उडवून लावला. १९६० च्या दशकात समुद्रतळाचे पुरावे मिळाल्यावर तो विचार प्लेट टेक्टॉनिक्स या नव्या रूपात मान्य झाला. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत जाऊन आशियाला भिडला आणि हिमालय उचलला गेला.

केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांतील आपले गोंड बांधव कागदाच्या एका शिक्क्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा भूखंड जगातील शाळांतून शिकविला जातो, हे त्यांच्याही मुलांना आपल्या मुलांनी सांगावे.

पूररेषा आणि गावकूस

आता त्या मुलीच्या घराकडे वळू. जगाच्या भूगोलाच्या पुस्तकांत एक शब्द सापडणार नाही. तो म्हणजे गावकूस. आमच्या पाहण्यातील कितीतरी गावांत कुसाबाहेरची वस्ती सखल अंगाला, नाल्याच्या काठाला आहे. जागा निवडण्याचा अधिकार ज्यांना नव्हता त्यांच्या वाट्याला उरलेली जागा आली. शहरात आल्यावरही जी जागा परवडली ती नाल्याचीच. मग वरच्या अंगाला ले-आउट पडले, सिमेंटचे रस्ते झाले. पूर्वी जमिनीत मुरणारे पाणी आता धावत खाली येते. नाला होता तेवढाच राहिला, उलट कचऱ्याने अरुंद झाला. पाणलोटात वर काय घडते त्याचे फळ खालच्याला भोगावे लागते. म्हणून पाणी घरात येते. ते नशिबाने येत नाही.

२२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यात झालेली अतिवृष्टी सर्वांना आठवत असेल. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर्स मागवावी लागली. तांडा, पोड, बौद्धवाडा ही नावे वेगळी असली तरी त्यांची जागा बहुधा सारखीच असते.

नदीच्या दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा ठोकळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी फसू नये. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा येऊन गेला की पंचवीस वर्षे निश्चिंती, असा नाही. दर वर्षी १०० पैकी ४ इतकी शक्यता, असा तो आहे. हिशेब केला तर निळ्या रेषेवरच्या घरात ३० वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला एकदा तरी असा पूर पाहावा लागण्याची शक्यता सुमारे ७० टक्के निघते. आपल्या वस्तीजवळ पूररेषा आखली आहे काय, असल्यास तिचा नकाशा द्यावा, अशी मागणी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे करता येते. अर्जाला १० रुपये शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे.

आम्ही पुढच्या रविवारी मुलांना घेऊन वस्तीचा नकाशा काढला. नकाशाला चार गोष्टी लागतात : शीर्षक, दिशा, प्रमाण आणि सूची. दिशा दुपारच्या सावलीवरून घेतली. अंतर पावलांनी मोजले आणि दहा पावलांना एक सेंटिमीटर हे प्रमाण धरले. हातपंप, विहार, अंगणवाडी, नाला, नाल्यावरचा रपटा, सर्व दाखविले. एका मुलाचे वडील गवंडीकाम करतात. त्यांनी आपली लेव्हलची पाण्याची नळी आणली आणि उंच-सखल कसे पाहतात ते मुलांना शिकविले. त्या मुलीच्या घराची जोती नाल्याच्या काठापेक्षा वीतभर खाली निघाली. रपट्याची नळी कचऱ्याने निम्मी भरलेली होती. दोन्ही गोष्टी नकाशावर लिहिल्या आणि तो नकाशा अर्जाला जोडला. "नाल्याचे पाणी घरात शिरते, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" असे अर्ज आम्ही नोकरीच्या इतक्या वर्षांत शेकडो पाहिले. ते फाइलमध्ये झोपतात. "रपट्याची नळी निम्मी बुजली असून त्याच्या वरच्या अंगाची अकरा घरे काठापेक्षा खाली आहेत, सोबत नकाशा जोडला आहे" असा अर्ज लवकर झोपत नाही. त्याला काही तरी उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही तर पुढचा अर्ज कसा करायचा, हेही आम्ही मुलांना दाखविणार आहोत.

शिका, हा बाबासाहेबांचा आदेश केवळ परीक्षेपुरता नाही. प्रत्येक विहाराने सुटीतील एक रविवार आपल्या वस्तीच्या नकाशाला द्यावा, आणि तो नकाशा विहाराच्या भिंतीवर लावावा. त्या मुलीला आता नाल्याचे पाणी कोठे जाते असे विचारले, तर ती वाघाडीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत सर्व नावे न अडखळता सांगते. मग ती विचारते, "पण काका, रपट्याची नळी कधी साफ होणार?" हा प्रश्न विचारता येणे, यालाच आम्ही भूगोल येणे म्हणतो.

नमो बुद्धाय. जय भीम.